अण्णांचे कष्ट आणि खिडकीतला कप

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी २२ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावची, सध्या पुण्यात समाजशास्त्रात एम.ए. करते. आमचं घर शेतकऱ्याचं, गावात संख्येनं मोठ्या असलेल्या जातीतलं. आजोबा कूळ होते, कुळ कायद्यात तीन एकर नावावर झाली. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते बोर्डिंगात राहून शिकले, शिक्षक झाले, नुकतेच निवृत्त झाले. भाऊ बरीच वर्षं एमपीएससीचा अभ्यास करतोय. आमच्याकडे धुण्याभांड्याला ज्या मावशी येतात त्यांचा चहाचा कप वेगळा आहे, मागच्या खिडकीत उपडा ठेवलेला असतो. लहानपणापासून बघत आले, पण वर्गात विषमतेबद्दल शिकायला लागल्यापासून तो कप मला बघवत नाही. दिवाळीत अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या चुलतभावाचा व्हिडिओ कॉल आला. तिथल्या एका दुकानात रंगावरून त्याला वाईट वागवलं, ते तो सांगत होता, सगळे हळहळत होते. मी बोलून गेले, 'आपण मागच्या दारी तेच करतो.' मग घरात नको ते झालं. अण्णा म्हणाले, 'आम्ही काय कुणाचं फुकट खाल्लं? पोटाला चिमटा काढून वर आलोय.' भाऊ आरक्षणावर घसरला. आई म्हणाली, शिकून पोरगी हातची गेली. तेव्हापासून अण्णा माझ्याशी कामापुरतंच बोलतात. ताई, माझे वडील वाईट आहेत का? की मीच गप्प बसावं? आणि वर्गात शिकलेलं खरं असेल तर अण्णांचे कष्ट, माझे मार्क, हे सगळं खोटं का? भाऊ विचारतो, या विषयाचा उपयोग काय, त्याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

प्रिय मैत्रिणी,

तू ज्या क्रमानं प्रश्न विचारलेस त्या क्रमानं मी जाणार नाही. अण्णांच्या कष्टांचा प्रश्न आधी घेते, कारण भांडण कपावरून सुरू झालं तरी अण्णांच्या जिव्हारी लागलं ते तिथे.

मला वाटतं, तू आणि अण्णा एका बाबतीत पूर्ण एकमत आहात आणि तिथेच सगळं अडलंय. माणूस वर येतो तो एकतर स्वतःच्या कष्टानं, नाहीतर मिळालेल्या संधीमुळे. एक खरं मानलं की दुसरं खोटं पडतं, असं दोघांनी धरून ठेवलंय. म्हणून तू संधीचं नाव काढलंस की अण्णांना वाटतं पोरगी आपलं आयुष्य पुसतेय. आणि तुला तुझ्या स्वतःच्या मार्कांचीही लाज वाटायला लागलीय. हे धरून ठेवलेलंच मला तपासून बघावंसं वाटतं.

तुमच्या तीन एकरांपासून सुरू करू. मुंबई राज्याचा कुळ कायदा १९४८ चा. पुढे त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्यानं त्या जमिनीचा खरेदीदार मानला गेला. किंमत न्यायाधिकरणानं ठरवायची, कुळानं ती हप्त्यांनी फेडायची. तुझ्या आजोबांनी ते हप्ते कसे फेडले असतील याची मी कल्पना करू शकते. त्यात कुणाचं फुकट खाणं नव्हतं, अण्णा अगदी बरोबर बोलले. पण त्याच रानात खुरपायला, काढणीला, मळणीला आणखी माणसं होती. ऊन तेच, घाम तोच. ती माणसं कूळ नव्हती, मजूर होती, आणि कायद्यानं जमीन दिली ती कुळाला. मजुराचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. गावकीची कामं करणाऱ्या काही घरांकडे वतनाची जमीन होती, पण त्या तुकड्याच्या बदल्यात अख्खं घर रात्री-अपरात्री राबायला बांधलेलं असे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणलं. कनिष्ठ गावकामगारांची ही वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं.

म्हणजे कष्ट दोन्ही घरांनी केले. एका घराच्या कष्टांना सातबारा मिळाला, दुसऱ्याच्या कष्टांना त्या दिवसाची मजुरी. आणि सातबारा एकदा आला की तो एका पिढीपुरता थांबत नाही. घरात धान्य असतं म्हणून पोराला शिकायला बाहेर ठेवता येतं. सोसायटीचं कर्ज मिळतं. एखाद्या वर्षी पोरगं नापास झालं तर पुन्हा बसवता येतं. अण्णा अभ्यासाला बसले ते कष्टच होते, पण त्या वयात त्यांना बसता आलं, दुसऱ्या घरातल्या त्यांच्याच वयाच्या मुलाला कदाचित गुरं राखायला जावं लागलं. अण्णांच्या कष्टातला एक कणही यानं कमी होत नाही. फक्त शेजारच्या घराच्या गरिबीकडे बघून 'त्यांनी कष्ट केले नाहीत' असं म्हणता येत नाही. विषमतेचा अभ्यास मला आजवर सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो इथे.

तुझ्या मार्कांचंही तसंच. पुण्यातल्या वर्गात इंग्रजी माध्यमातून आलेली, घरात पुस्तकांची कपाटं असलेली मुलं सहज हात वर करत असतील आणि तू वाक्य मनात तीनदा जुळवत असशील, तर तुला माहीतच आहे की काही घरांतली मुलं शाळेत पाऊल टाकण्याआधीच बरंच काही घेऊन आलेली असतात. पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं त्याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं. तो स्वतः फ्रान्सच्या एका लांबच्या खेड्यातून पॅरिसला शिकायला गेलेला, पोस्टातल्या कर्मचाऱ्याचा मुलगा, त्यामुळे हे त्याला नीट दिसलं. तू एका मुलीच्या तुलनेत मागून निघालीस आणि दुसरीच्या तुलनेत पुढून. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. लाज वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही, पण हिशेबात धरण्यासारखं पुष्कळ आहे.

आता अण्णा वाईट आहेत का. नाही. माझ्या मते हा प्रश्नच तुला चुकीच्या जागी घेऊन जातो. आपल्याला एखादी वाईट गोष्ट दिसली की आपण तिच्यामागचा वाईट माणूस शोधतो, आणि तो सापडला नाही की एकतर गोष्ट वाईट नाही असं ठरवतो, किंवा आपल्याच माणसाला वाईट ठरवतो. तुमच्या घरात कपाची जागा कुणी बैठक घेऊन ठरवलेली नाही. आजीच्या काळात ती तशी होती, आई सून म्हणून आली तेव्हा तिनं तशीच पाहिली, तू लहानपणी तशीच पाहिलीस. कुणीही मनात क्रूरपणा न आणता पिढ्यान् पिढ्या अपमान चालू राहू शकतो. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत देशातल्या सुमारे २७ टक्के घरांनी आपण कोणत्या ना कोणत्या प्रकारे अस्पृश्यता पाळतो असं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तेव्हा घटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केल्याला साठहून अधिक वर्षं झाली होती. एवढी सगळी घरं दुष्ट माणसांनी भरलेली असतील, असं कुणीच म्हणणार नाही.

पण म्हणून 'चालायचंच' असं म्हणून सोडून देणं मला मान्य नाही. अण्णा चांगले आहेत आणि कप वाईट आहे. ही दोन्ही वाक्यं तुला एकाच दमात म्हणता यायला हवीत, आणि शक्यतो याच क्रमानं.

एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस. कप वेगळा आहे तो मावशींच्या जातीमुळे, की त्या भांडी घासतात म्हणून? घरच्यांना विचारलंस तर त्यांनाही चटकन सांगता येणार नाही असं मला वाटतं. कुणी म्हणेल 'स्वच्छतेसाठी', पण घरातली बाकी सगळी भांडी त्यांच्याच हातानं स्वच्छ होतात. जात आणि वर्ग आपल्याकडे असे एकमेकांत मुरलेले आहेत की कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते दाखवता येत नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या सोसायट्यांत घरकामाच्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट असते. तिथे जातीचा शब्दही निघत नाही. पण त्या लिफ्टनं कोण जातं आणि मुख्य लिफ्टनं कोण, हे बघितलं की जुनी गावाची रचनाच आठवते. डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच सांगून ठेवलंय की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीही विभागणी आहे. म्हणून 'आमच्याकडे जात नाही, फक्त गरीब-श्रीमंत आहे' असं कुणी म्हटलं, किंवा 'सगळी फक्त जात आहे, पैशाचं काही नाही' असं कुणी म्हटलं, तर दोन्हीकडे थांबून विचार कर.

आणि वंश? तू कॉलवर जी तुलना केलीस ती उगीच नव्हती. महाराष्ट्रात ही तुलना जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रोंना गुलामीतून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं, दोन्ही समाजांच्या स्थितीत किती साम्य आहे ते त्यात सांगितलं, आणि डु बॉइस यांनी उत्तरही दिलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या संघटनेच्या नावावरून. तेव्हा तू घरात काही अचाट बोललीस असं समजू नकोस.

तरी साम्य म्हणजे एकच गोष्ट असणं नव्हे. बाबासाहेबांनीच आग्रहानं मांडलं होतं की जातिव्यवस्था हा वंशावरून पडलेला भेद नाही, एकाच वंशाच्या माणसांत समाजानं पाडलेली ती फाळणी आहे. अमेरिकेत दुकानदारानं तुझ्या चुलतभावाची कातडी बघितली. मावशींकडे बघून परक्या गावात कुणालाच काही कळणार नाही; तिथे आडनाव विचारलं जातं, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला. आपल्याला ते विचारल्याचं जाणवतसुद्धा नाही, इतकं ते सवयीचं आहे.

तुझ्या चुलतभावाच्या गोष्टीत आणखी एक पदर आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. १९२३ साली भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या काळी तिथलं नागरिकत्व मिळवायला गोरा असणं किंवा आफ्रिकी वंशाचा असणं लागे. थिंडच्या बाजूनं युक्तिवाद झाला तो असा की तो उच्च जातीचा आहे, आर्य वंशाचा आहे, म्हणून गोराच धरावा. न्यायालयानं तो फेटाळला. जातीच्या उंचीचा आधार घेऊन वंशाच्या शिडीवर चढायचा प्रयत्न झाला, आणि वरच्यांनी हात दिला नाही. भारतीयांना नागरिकत्वाचं दार किलकिलं झालं १९४६ मध्ये, तेही वर्षाला शंभर माणसांच्या कोट्यापुरतं. ते खऱ्या अर्थानं उघडलं १९६५ च्या स्थलांतर कायद्यानं. तो कायदा आला तो काळ काळ्या अमेरिकनांच्या नागरी हक्क चळवळीचा. आदल्याच वर्षी नागरी हक्क कायदा झाला होता. रंगावरून माणसांची प्रतवारी करणं तिथे ज्यांनी रस्त्यावर उतरून, मार खाऊन अवघड करून ठेवलं, त्यांच्या लढ्याचा फायदा आपल्याकडच्या इंजिनिअर-डॉक्टरांनाही मिळाला. आणि त्या कायद्यानं, पुढे नोकरीच्या व्हिसानं, प्रामुख्यानं शिकलेली माणसंच तिकडे गेली. मग 'बघा, भारतीय तिथे कसे कष्टानं पुढे आले, बाकीच्यांना का जमत नाही?' असं जेव्हा आपल्या घरांत म्हटलं जातं, तेव्हा तीच चूक होते जी तीन एकरांच्या बाबतीत होते.

हे सगळं खरं असलं, तरी त्या रात्री ते सांगायची वेळ नव्हती. तुझा चुलतभाऊ दुखावलेला होता आणि आपल्या माणसांना दुःख सांगत होता. तू त्याच्या दुःखाचा दाखला केलास. तुला तो ढोंगी वाटला असेल, पण मला त्याच्यात तुझा पहिला सोबती दिसतो. अपमान काय असतो हे तुमच्या घरात आज त्याला ताजं ताजं माहीत आहे. त्याला एकट्याला फोन कर. आधी त्याचं पूर्ण ऐकून घे: दुकानात काय झालं, आजूबाजूची माणसं काय करत होती, घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं का, झोप लागली का. मग त्याला विचार, त्या वेळी तिथल्या दुसऱ्या गिऱ्हाइकानं काय करायला हवं होतं असं तुला वाटतं? तो जे सांगेल, तिथून मागच्या खिडकीपर्यंत तो आपोआप येईल. आला नाही तर त्या दिवशी तिथेच सोड.

तुझ्या सख्ख्या भावाबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, तो आरक्षणावर घसरला. मला त्याच्याबद्दल थोडं जास्त बोलायचंय, कारण असे भाऊ मला पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये खूप दिसतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी एक साधी गोष्ट सांगितली होती: एखाद्या शहरात एका माणसाला काम नसेल तर ती त्याची खाजगी अडचण, पण लाखो माणसांना काम नसेल तर कारण त्या माणसांत शोधून मिळणार नाही. काही शे जागांसाठी लाखो मुलं बसतात. आजोबांच्या तीन एकरांत आता किती वाटेकरी आहेत? अण्णांच्या वेळी डी.एड. झालं की पूर्ण पगाराची कायमची नोकरी होती. २००० साली शिक्षण सेवक योजना आली आणि सुरुवातीची वर्षं ठरावीक मानधनावर काढायची झाली. तुझा भाऊ अण्णांइतकेच, कदाचित जास्त कष्ट करतोय, आणि त्याच्या हाताला काही लागत नाही. घरात 'कष्ट केले की मिळतं' हेच ऐकत तो वाढला. मिळालं नाही, मग त्याच्याकडे दोनच उत्तरं उरतात: मी नालायक आहे, किंवा माझं कुणीतरी पळवलं. तो दुसरं निवडतो, कारण पहिल्याबरोबर जगता येत नाही. त्याला तिसरं उत्तर हवंय आणि ते तुझ्या विषयात आहे. उपयोग काय असं तो विचारतो ना, तर पहिला उपयोग त्यालाच आहे.

त्याच्याशी वाद घालायची वेळ आलीच तर शांतपणे एक अभ्यास सांग. सुखदेव थोरात, हे मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ, आणि समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटेवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण-अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा: काही नावं सवर्ण हिंदू वाटतील अशी, काही दलित, काही मुस्लिम. २००७ साली निष्कर्ष आले. सवर्ण नावाला बोलावणं येण्याची शक्यता १ धरली, तर दलित नावाचं गुणोत्तर ०.६७ निघालं, मुस्लिम नावाचं ०.३३. हे खाजगी कंपन्यांतलं आहे, जिथे आरक्षण नाही. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात तरुणांना प्रत्यक्ष नोकरी मागायला पाठवून असाच प्रयोग केला, २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तुरुंगात जाऊन आल्याचं सांगणाऱ्या गोऱ्या तरुणांना १७ टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं, कुठलाही गुन्हा नसलेल्या काळ्या तरुणांना १४ टक्के ठिकाणांहून. मात्र निकाल लागल्याच्या आठवड्यात त्याला हे ऐकवू नकोस. तेव्हा त्याच्याबरोबर नुसतं बस.

तू स्वतःही एक पथ्य पाळावंस असं मला वाटतं. वर्गात शिकलेलं प्रत्येक सूत्र घरावर लावून बघू नकोस, घर काय सांगतं तेही ऐक. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला शिकायला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. कवटीच्या मोजमापातून वंशावंशांतला फरक दिसावा ही त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. परक्या देशात, गुरूच्या विरोधात. त्यांच्या पुढच्या लिखाणातल्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही, पण विद्यार्थिनी म्हणून त्यांनी तेव्हा जे केलं ते मला आजही मोठं वाटतं. तूही आधी मोजून बघ, विचारून बघ, मग बोल.

तेव्हा अण्णांकडे जा ते विचारायला. 'मला तुमच्या लहानपणाचं सगळं लिहून घ्यायचंय' असं म्हण आणि खरंच वही घेऊन बस. आयुष्यकथा लिहून घेणं ही तुझ्या विषयातली मान्य पद्धत आहे, आणि निवृत्त शिक्षकाला पोरीनं वही घेऊन समोर बसण्यासारखा मान नाही. जमिनीचे जुने फेरफार काढायला सांग, हप्ते कसे फेडले ते विचार. चौथीच्या वर्गात बाकावर कोण कोण होतं, त्यातले सातवीपर्यंत किती राहिले, जे गळाले ते आज काय करतात, ते विचार. आणि बोर्डिंगबद्दल भरपूर विचार. सातारा जिल्ह्यात बोर्डिंग म्हटलं की कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी काढलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकाच चुलीवरचं जेवत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले. अण्णा कुठल्या बोर्डिंगात होते ते मला माहीत नाही, पण तिथे त्यांच्या ताटाशेजारी कोण बसायचं, हे त्यांना नक्की आठवत असणार. कदाचित तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी अण्णा जे करत होते, तेच आज तू घरात मागतेयस. त्यांच्या तोंडून ते आलं तर कपाबद्दल तुला फार बोलावं लागणार नाही. नाही आलं, तरी तुमच्यात बोलणं सुरू झालेलं असेल, आणि तुझी वही भरलेली असेल.

गप्प बसावं का, असं तू विचारलंस. वर्षभर गप्प बसून एका रात्री सगळ्यांसमोर बोलण्यापेक्षा, रोज थोडं आणि एकेकट्याशी बोलावं. जेवणावळीत, पाहुण्यांसमोर, फोन चालू असताना बोलू नये. तिथे माणूस विचार करत नाही, अब्रू वाचवतो. ज्यांच्या घरी अशी शिकणारी मुलं आहेत त्या आईवडिलांनाही माझं सांगणं आहे: मूल घरातली चूक दाखवतं तेव्हा ते तुम्हाला सोडून चाललेलं नसतं. सोडून जायचं असतं तर त्यानं वाद घातला नसता. 'शिकून बिघडली' हे वाक्य मुलीच्या मनात फार वर्षं राहतं.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीनं पत्रातलं सगळ्यात मोठं. तुझ्या पत्रात अण्णा बोलतात, भाऊ बोलतो, आई बोलते, न्यू जर्सीचा भाऊ बोलतो. मावशींचं एकही वाक्य नाही. त्यांचं नाव मला नको, पण त्या किती घरची कामं करतात, पगार किती, महिन्यात सुट्टी किती, मुलं काय शिकतात, यातलं काहीच पत्रात नाही. कप तुला सलतो, पण त्या कपातून चहा पिणाऱ्या बाईला काय सलतं, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. कदाचित त्यांना कपाहून पगार जास्त सलत असेल. कदाचित कपच सलत असेल आणि त्या वर्षानुवर्षं 'चहा नको' म्हणून निघून जात असतील. तुमच्या भांडणात, आईला राग येऊन 'एवढं आहे तर बाईच नको' असं झालं असतं, तर किंमत त्यांनी मोजली असती. अन्यायाविरुद्ध बोलताना तो ज्याच्यावर होतो त्याच्या पोटावर आपला पाय पडत नाही ना, हे आधी बघायचं असतं.

म्हणून सुट्टीत घरी जाशील तेव्हा चहा तू कर. आदल्या दिवशी आईला एकटीला सांगून ठेव: 'मी आहे तोवर सगळ्यांना सारख्या कपात चहा देणार आहे, तुला पुढे करायला लावणार नाही.' आईला अंधारात ठेवून केलंस तर मावशी मधल्या मध्ये अडकतील. चहा देताना भाषण नको, बघणं नको, त्यांनी खिडकीतलाच कप मागितला तर हट्ट नको. तू परत गेल्यावर त्या घरात त्यांना रोज यायचंय. आईशी दुसरं बोलणं पैशांचं कर. गावात-तालुक्यात या कामाला काय देतात ते विचारून घे, पगार त्यात मागे असेल तर वाढवायला सांग, आणि आजारपणाचे खाडे न कापता आठवड्याला एक भरपगारी सुट्टी ठरवा. अण्णांच्या पेन्शनमधून तेवढं निघेल असं मला वाटतं. नोकरीतल्या रजा-पगाराचे नियम अण्णांना पाठ असतील. हा हिशेब त्यांच्याकडेच सोपव.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे आणि असंघटित कामगारांच्या नोंदणीचं केंद्राचं ई-श्रम पोर्टल २०२१ पासून. यांत नाव आहे का, ते मावशींना विचार. नसेल आणि त्यांची इच्छा असेल तर नोंदणीला तू बरोबर जा. ई-श्रमसाठी वय १६ ते ५९ लागतं, आधार आणि बँकेचं पासबुक लागतं, मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला असला तर सोपं जातं. जवळच्या सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी सेवांच्या सामाईक सुविधा केंद्रात, ते होतं. मंडळाच्या नोंदणीसाठी त्या घरकाम करतात असं मालकाचं प्रमाणपत्र लागतं. ते अण्णांनी स्वतःच्या अक्षरात लिहून, सही करून द्यावं. जायचा दिवस मावशींच्या सोयीनं ठरवा, आणि त्या दिवशीची आपल्या घरची भांडी तुम्ही भावंडांनी घासा.